चोक

माघातली सकाळ. पानशेतच्या फुगवट्यावर
पाणी वाफाळतंय, इंजिन थंड.
अकरा वेळा दोरी ओढली. आकडा नक्की,
कारण धक्क्यावर मोजणारे उभे होते:
दुधाचे चार कॅन आणि त्यांचा मालक, दोन मास्तर,
एक शेळी, जिला पलीकडे कशाला जायचं होतं
ते तिलाच ठाऊक.

आठ हॉर्सपॉवरचं इंजिन, माझ्याहून तीन वर्षांनी थोरलं.
कंपनीचं नाव उन्हानं खाल्लंय.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा.
रबरी फुगा दाबला, टणक होईस्तोवर.
प्लग काढून नाकाशी धरला. कोरडा खडखडीत,
पेट्रोलचा वासही नाही.
चोकचं बटण? बाहेर.
जेवढं येतं तेवढं बाहेर.

‘पेट्रोलमध्ये भेसळ,’ म्हणाले थोरले मास्तर,
जे भूगोल शिकवतात.
‘थंडीचं व्हायचंच,’ म्हणाला दूधवाला.
शेळी गप्प.
त्या दिवशी मी वल्ह्यानं नेलं सगळ्यांना,
आणि सगळ्यांनी वाटेत सल्ले दिले.

दुपारी कार्बोरेटर जेवणाच्या डब्यात घालून
एसटीनं स्वारगेट, तिथून चालत नाना पेठ.
इनायत तांबोळी स्कूटरवाले. बोट त्यांनी पाहिलीय
फक्त सारसबागेच्या तळ्यातली, कोणाची तरी कागदाची.
झाकण उघडून म्हणाले, आधी जेवलीस का?
मग कार्बोरेटरच्या घशात बोट घातलं.
आतली झडप उगाच हलली,
कडी नसलेल्या दारासारखी.

‘बटण ओढतेस तू. झडपेला कोण सांगतं?
मधली तार कुठाय?’

मग ग्लासभर चहावर सगळं शास्त्र:
थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, हवा कमी.
‘नाक दाबलं की तोंड उघडतं, पोरी.
खोकलं की अर्धं सोड, चालू झालं की पूर्ण.
धरून ठेवशील तर बुडवशील.’

सायकलचा जुना स्पोक, दोन्ही टोकं वाकवून.
तीस रुपये. चहाचे त्यांनी घेतले नाहीत.

रात्री दादांना फोन लावला, धायरीला,
धाकट्याच्या चौथ्या मजल्यावर.
मागे टीव्हीवर कोणीतरी रडत होतं.
‘दादा, चोकची तार तुटलेली होती.’
‘हो.’
‘कधीपासून?’
‘तू बालवाडीत होतीस.’
‘मग तुम्ही चालू कसं करायचात?’
‘हातानं,’ म्हणाले,
भाकरी कशानं खातात असं कोणी विचारल्यासारखं.

झाकण थोडं उचलून
डावा हात आत जायचा त्यांचा, उजव्यानं दोरी.
कार्बोरेटरच्या तोंडावर तळवा.
इतकी वर्षं मला वाटायचं, नमस्कार करतात.
डाव्या हातानं कोण नमस्कार करतं, हे
एकदाही मनात आलं नाही.
घरी ताटावर बसले की त्या हाताला वास यायचा,
आई पाट लांब सरकवायची.

दुसऱ्या दिवशी स्पोक बसवला.
बटण ओढलं, आत डोकावले: झडप मिटली.
दुसऱ्या ओढीला खोकलं. अर्धं सोडलं.
तिसरीला चालू.
धूर, आवाज, पलीकडच्या बगळ्यांची तक्रार.
मास्तर म्हणाले, पेट्रोल बदललंस ना?
मी हो म्हटलं.

रविवारी दादा आले. कोणी बोलावलं नव्हतं.
स्वेटर, कानटोपी, चढावर तीनदा थांबत,
बोटीत बसले ते सरळ मागे, इंजिनापाशी.
‘वैजू, सरक.’
बटण ओढलं त्यांनी.
आणि मी काही म्हणायच्या आत
डावा हात आत.

झडप बंद, वर तळवा बंद.
एक ओढ, दोन, चार.
मग पाण्यावर पेट्रोलचा इंद्रधनुषी तवंग
आणि तो वास.

प्लग काढला. चिंब.
दादांनी तो स्वेटरच्या बाहीला पुसला,
उन्हात फळीवर ठेवला,
तळवा उलटसुलट करून पाहत म्हणाले,
‘दुरुस्त केलंस होय.’

दहा मिनिटं तरी लागणार होती.
दूधवाल्यानं कॅनवर बैठक मारली.
शेळी आज परतीच्या वाटेवर होती,
तिला घाई नव्हती.